उपरण्याखालचा सौदा

जुना ग्रामोफोन विकत घ्यायला गेलो की मी आधी त्याच्या कर्ण्याकडं बघत नाही. कर्णा कुणीही घासूनपुसून चकाकवतो. मी फिरती थाळी उचलतो, तिच्यावरच्या मखमलीला नाक लावतो, मग चावी घालून दोन-चार वेढे देतो आणि डोळे मिटून घेतो. आतली स्प्रिंग सरळ गुंडाळली जातेय की अडखळतेय, हे हाताला कळतं. दुकानदाराला वाटतं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. तेवढ्या वेळात माझी किंमत ठरलेली असते, आणि अर्थातच ती त्याला सांगायची किंमत नसते. पुण्याकडचे हौशी लोक माझ्याकडं येतात, खोलीभर यंत्रं बघून तोंडात बोट घालतात आणि विचारतात, काका, हे शिकलात कुठं? मी सांगतो, काष्टीच्या बैलबाजारात. त्यांना ती थट्टा वाटते. तिच्यात थट्टा काही नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, काष्टीच्या बाजारात बैलांचे दलाल होते. आमचं घर बाजाराच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि शनिवारी पहाटेपासून घुंगरांचा, हंबरण्याचा आणि शिव्यांचा आवाज थेट चुलीपर्यंत यायचा. तात्यांचा खरा धंदा चालायचा तो खांद्यावरच्या उपरण्याखाली. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं बोलायचा नाही, अशी रीत होती. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात हातात घेत, वर उपरणं टाकत, आणि खाली बोटांनी बोलत. किती बोटं दाबली, कुठलं पेर दाबलं, यावर भाव ठरायचा. वर तोंडानं दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारताहेत आणि खाली हात भांडताहेत. सौदा जमला की टाळी, फिसकटला की हात मोकळा. आणि उपरण्याखाली झालेलं बोलणं वर कधी काढायचं नाही, घरीसुद्धा नाही, हा पहिला नियम. तात्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाहीच, पण हातावरूनही कळायचं नाही. हात कोरडा, थंड, लाकडासारखा. मी लहानपणापासून त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचो. न बघता, नुसत्या बोटांनी समोरच्याच्या मनातलं ओळखायची विद्या मला तिथं लागली. पुढं मी जुनी इंजिनं विकली, पंप विकले, मोटारी विकल्या, स्वतःच्या हिमतीवर घर बांधलं; ते सगळं त्या विद्येवर.

ग्रामोफोन आमच्या घरात आला तो दुष्काळात. बाजारात जनावरं उभी राहायला जागा नव्हती आणि घेणारा शोधून सापडत नव्हता. तात्या सकाळी जायचे आणि उपरणं जसंच्या तसं खांद्यावर घेऊन परत यायचे. आम्ही रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी खायचो. ती गरम असेपर्यंतच खाण्याजोगी. गार झाली की तुटायची नाही, तिला वाकवावं लागायचं. अशा दिवसांत जामखेडकडचा एक माणूस बायकापोरांसकट ऊसतोडीला निघाला होता. त्याची जोडी तात्यांनी कशीबशी खपवून दिली. दलालीच्या बदल्यात त्यानं गोणपाटात बांधलेलं एक खोकं पुढं केलं. कुठल्याशा जहागिरदाराच्या घरातून ते त्याच्या आज्याकडं आलेलं होतं. म्हणाला, "दलाल, पाचटाच्या कोपीत ह्ये मी कुटं ठिवू? पावसानं सडंल न्हाईतर पोरं मोडतील. तुमी घ्या." तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दात न बघता माल घेतला. सायकलच्या कॅरियरला बांधून खोकं घरी आणलं. सोबत फडक्यात गुंडाळलेल्या काही तबकड्या आणि पितळी कर्णा.

आई चुलीपुढं होती. तिनं खोक्याकडं आणि मग तात्यांकडं बघितलं.

"ह्यो काय खातो?"

"काय न्हाई खात."

"पानी?"

"पानी बी न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली आणि भाकरी उलटली. त्या वर्षी आमच्या घरात वस्तू ठेवायची की नाही, याची कसोटी एवढीच होती.

मी तेव्हा मॅट्रिकला आपटून घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. माझा थोरला भाऊ, आण्णा, माझ्यापेक्षा उंच, गोरा, आवाजाला गोड. गावात भजन असो की लग्न, त्याला हाताला धरून पुढं बसवायचे. मला कुणी पुढं बसवलं नाही. मी रागीट, हे आईच्या पोटातून बाहेर पडल्या पडल्याच ठरलं होतं म्हणे. आण्णाबद्दल मी वाईट बोलणार नाही. खोकं उघडलं तेव्हा आम्ही दोघंही त्याच्यावर सारखेच वाकलो होतो. फरक एवढाच की आण्णाला त्यातून काय ऐकू येईल याची ओढ होती आणि मला ते कशामुळं ऐकू येईल याची.

पहिली तबकडी लावली. चावी दिली, सुई टेकवली. खरखर झाली आणि मग कर्ण्यातून एक माणूस गाऊ लागला. आवाज जाड, ओढलेला, प्रत्येक शब्दाला जणू चिखलातून पाय काढावा लागत होता. शेजारचे लोक अंगणात जमले. आई पदराला हात पुसत आली.

"कोन बाप्या हाय ह्यो? पोट दुखतंय का त्याचं?"

"मोठा गवई असंल," तात्या म्हणाले. "मोठी मान्सं अशीच गातात."

गाणं गवळणीसारखं होतं. राधा कृष्णाला काहीबाही सांगत होती आणि ती राधा रेड्याच्या आवाजात सांगत होती. तरी कुणाला शंका आली नाही. नाटकात पुरुष बायकांची कामं करतात, मग तबकडीत का नाही? कितीतरी दिवस आमच्या आळीत त्या गवयाचं नाव निघत होतं. कुणी म्हणे तो पहिलवान असणार. कुणी म्हणे त्याला दम्याचा आजार असणार. आण्णा तर त्याची हुबेहूब नक्कल करायचा. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. गाणं सुरू होताना तो माणूस जरा बरा गायचा आणि शेवटाकडं येईतो गळ्यात दगड बांधल्यासारखा खाली खाली जायचा. माणूस दमतो, पण चावीचे दोन वेढे जादा दिले की तो उशिरा दमेल? मग दमत होता तो माणूस नव्हे, खोकं होतं.

मी ते उघडलं. तात्या बाजारात, आई पाण्याला. स्क्रू काढून थाळीखालची फळी उचलली आणि आत जे दिसलं ते बघून मी किती वेळ तसाच उकिडवा बसलो असेन देव जाणे. डब्यात बंद असलेली स्प्रिंग, दातांची चाकं, आणि एका बारीक दांड्याभोवती पातळ पट्ट्यांवर बसवलेले तीन शिशाचे गोळे. थाळी फिरली की ते गोळे फिरायचे, आणि जितकं जोरात फिरायचे तितके बाहेर फाकायचे, यात्रेतल्या गोल पाळण्यासारखे. ते फाकले की दांड्यावरची एक चकती सरकायची आणि चामड्याच्या इवल्या तुकड्याला घासायची. घासली की वेग खाली. वेग खाली आला की गोळे परत आत. म्हणजे ते यंत्र स्वतःच पळत होतं आणि स्वतःच स्वतःचा कासरा ओढत होतं! इतकं शहाणं जनावर मी काष्टीच्या बाजारात बघितलं नव्हतं. आजही, इतकी यंत्रं उघडून झाल्यावर, मी ते गोळे फिरताना बघत बसतो. बायको म्हणते, जेवण गार झालं. होऊ दे.

स्प्रिंगमधलं ग्रीस वाळून पापडी झालं होतं, म्हणून ती अडखळत होती. ते मी रॉकेलनं धुतलं. सुई धरणाऱ्या डबीत अभ्रकाची पातळ चकती असते, तीच खरी गाते. तिच्या भोवतीचं रबर दगड झालं होतं. तिथं सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची कातरण बसवली. चामड्याचा तुकडा झिजून गेला होता. त्याच्या जागी बैलाच्या जुन्या घुंगरमाळेच्या पट्ट्यातला तुकडा कापून चिमट्यात बसवला. बैल विकले गेले होते, माळ खुंटीला होती. एक कापला तेव्हाच चार-पाच जादा कापून खिशात ठेवले, कारण तो तुकडा नीट बसेपर्यंत सारखा निसटायचा. रोज काही ना काही हात घालावा लागे, म्हणून खोक्याची तळाची फळी मी काढूनच टाकली. राहिल्या सुया. खोक्यासोबत आलेल्या लोखंडी सुया संपत आल्या आणि नव्या आणायला नगरला जावं लागलं असतं. तेव्हा आण्णानं एक डोकं चालवलं. बांधावरच्या बाभळीचे वाळलेले काटे आणले, सहाणेवर घासून टोक केलं आणि सुईच्या जागी बसवले. आवाज बारीक झाला, पण असा मऊ की कर्ण्याला जणू कुणी साय लावली होती. काटे तासायचं काम मग आण्णाकडंच राहिलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. माझा व्यवहार चोख असतो, भावाशीसुद्धा.

मग वेग. बाहेर एक बारीक खटका होता, तो सरकवला की चामडं चकतीच्या जवळ किंवा लांब जायचं. पण बरोबर वेग कुठला, हे कुणी सांगावं? मी खटका सरकवत गेलो तसा गवई वर वर चढू लागला. पहिलवानाचा पोरगा झाला. पोराचा आवाज आणखी वर गेला. आई जात्यावर मिलो दळत होती, तिचा हात थांबला.

"आरं! ही तर बाई हाय!"

"कुटली बाई?"

"गानारी! थांब, आता हलवू नगं. आनिक जरा… जरा मागं. हां. आता गळ्यात जीव आला बघ तिच्या."

आईनं पुन्हा जातं फिरवलं, ओवी म्हणताना लागायची तशी तिची मान हलू लागली, आणि मी खटक्याच्या त्या जागेवर लाकडात खिळ्यानं रेघ मारली. संध्याकाळी सगळी आळी आली. इतके दिवस ज्याला दम्याचा पहिलवान समजत होते ती नाजूक आवाजाची बाई निघाली. म्हातारे लोक लाजल्यासारखे हसत होते. एक जण म्हणाला, "लेका, बाईला बाप्या करनारा बी तूच आन् बाप्याची बाई करनारा बी तूच." माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेली पहिली शाबासकी ती. तात्या तिथंच बसले होते. ते काही बोलले नाहीत. माझ्या दुखण्याचं मूळ शोधायचं तर इथं शोधावं लागेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आण्णाला बघायला राहात्याहून पाहुणे यायचं ठरलं. राहाता म्हणजे पाटपाण्याचा मुलूख. आमच्याकडं विहिरींचे तळ दिसत होते तेव्हा तिथं ऊस उभा होता. मुलीचे वडील, माधवराव, बागाईतदार, विहिरीवर इंजिन, आणि साखर कारखान्यात ओळख. त्यांना म्हणे यंत्राची जाण असलेला जावई पाहिजे होता. जमलं तर ते त्याला कारखान्यात चिकटवणार होते. आमच्या घरात त्या दिवसांत बाहेरून येणारा पैसा जवळजवळ थांबलेला. आण्णाचं लग्न आणि नोकरी एका फटक्यात होत होती. आई देवाला रोज दोनदा हात जोडायची.

आदल्या दिवशी तात्यांनी मला गोठ्याकडं बोलावलं.

"दत्तू, उद्या पाव्हण्यांनी इचारलं तर मशीन आन्नानं लावलं म्हनायचं."

"का? मी लावलंय."

"लावलंय तू. कोन न्हाई म्हनतंय? पन तुला बघाया येनार हायेत का उद्या?"

"मग मशीन आन्नाचं हाय म्हना. लावलं मी, ह्ये सांगा."

"मशीन आन्नाबरुबरच जाईल लग्नात. सासुरवाडीला मान ऱ्हातो. तुला काय करायचंय त्येचं? खडी फोडताना वाजिवनार हाईस?"

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? आता पाव्हण्यांफुडं त्वांड उघडू नगं." आणि निघून गेले. बैलाला चाबूक दाखवून दलाल पुढं जातो ना, तसे. चाबूक मारायची गरज नसते.

पाहुणे सकाळी आले. माधवराव, त्यांचा धाकटा भाऊ आणि आमच्याच नात्यातला एक मध्यस्थ. अंगणात सतरंजी, शेजाऱ्यांकडून आणलेल्या कपबशा, आणि आईनं कुठून पैदा केला कोण जाणे, गव्हाच्या पिठाचा शिरा. कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात गव्हाचा वास येत होता. मधोमध फळ्यांचं एक रिकामं खोकं पालथं घालून त्यावर ग्रामोफोन ठेवला होता, आणि खोक्याच्या फटी झाकायला आईनं तिच्या रुखवतातली भरतकामाची चादर खाली जमिनीपर्यंत सोडली होती. आण्णा धुतलेल्या पांढऱ्या शर्टात यंत्राशेजारी उभा. मी धाकट्यानं बसावं तसा खाली, खोक्याला टेकून, तात्यांच्या बाजूला.

"ह्ये कोन लावतं?" माधवरावांनी विचारलं.

"आमचा थोरला," तात्या म्हणाले. "मोडकं आनलं हुतं. त्येनंच खोलून सारं नीट केलं. यंत्राचं लई डोकं हाय त्येला."

आण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. मी सतरंजीचा दोरा उपसत बसलो.

तबकडी फिरू लागली. बाई गाऊ लागली, गळ्यात जीव असलेली. माधवरावांनी मान डोलावली, शिऱ्याचा घास घेतला, आणि कौतुकानं म्हणाले, "जरा मोठ्यानं न्हाई का होत?" आण्णाला घाई झाली. मोठ्यानं करायचं साधन त्या यंत्रात नसतंच. त्यानं हाताला लागला तो खटका सरकवला, जोरात, शेवटपर्यंत. आत कुठंतरी टप् असा बारीक आवाज आला. तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नाही. मला आला. चामडं चिमट्यातून निसटलं होतं.

कासरा सुटला. बाई किंचाळू लागली. आधी पोरीसारखी, मग चिमणीसारखी, मग नुसती चिवचिव. माधवरावांचा भाऊ तोंडावर रुमाल धरून हसू लागला. आण्णा खटका इकडं तिकडं करत होता, त्यानं काहीच होईना. सुई उचलली, परत ठेवली, तरी तेच. घाबरून त्यानं चावीच द्यायला सुरुवात केली, म्हणजे पळणाऱ्या घोड्याला टाच.

"जावईबापू," माधवराव म्हणाले. ते अजून हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "तुमीच खोललंय न्हवं? मग लावा की नीट."

तात्या माझ्याजवळ सरकले. चेहरा तसाच, पावसापाण्याचा. त्यांनी खांद्यावरचं उपरणं सहज काढल्यासारखं काढलं, आणि ते आमच्या दोघांच्या हातांवर पडलं.

मी वाट बघतच होतो. खिशातला चामड्याचा एक तुकडा मी त्यांच्या तळव्यावर ठेवला, त्यांना तो नीट चाचपू दिला, आणि परत काढून माझ्या मुठीत बंद केला. माल माझ्याकडं आहे. बोला. तात्यांना सांगावं लागलं नाही. आमच्याकडं वाटा आण्यांत बोलतात, आणि उपरण्याखाली एक बोट म्हणजे चार आणे. त्यांनी माझं एक बोट दाबलं. यंत्रात चार आणे वाटा तुझा. मी हात हलवून नाही म्हटलं. वर तात्या माधवरावांना सांगत होते, "नवं वंगन टाकलंय, म्हनून जरा उधळलंय." खाली दोन बोटं. आठ आणे. नाही. चिवचिव चालूच होती, आण्णाच्या कपाळावरून घाम शर्टात उतरत होता, आई दाराआडून पदर तोंडात धरून बघत होती. तीन बोटं. बारा आणे. आणि तेव्हा मला कळलं की तात्यांचा हात ओला आहे. तो कोरडा, लाकडासारखा हात, ज्यातून हयातीत कुणाला काही कळलं नाही, तो घामेजला होता. मी त्या हाताचा अर्थ लावत एक क्षण तसाच थांबलो. भीती अशी लागते होय हाताला? तात्यांना ते माझं अडून बसणं वाटलं असणार. त्यांनी माझी चारही बोटं एकदम आवळली. सोळा आणे.

मी टाळी दिली, उपरण्याखालीच, आवाज न होऊ देता.

मग हात चादरीखाली घातला, खोक्याच्या फटीतून वर, तळ नसलेल्या यंत्राच्या पोटात. वर माझं तोंड पाहुण्यांकडं होतं. थाळी थांबवायला सांगितलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून ते फिरत असतानाच करायचं होतं. कोरडं चामडं किंचाळतं, त्याला थेंबभर तेल लागतं. मी डोकं खाजवल्यासारखं केलं आणि केसांतलं तेल बोटाला घेऊन तुकड्याला चोळलं. बोटांनी चिमटा शोधला. पहिल्यांदा चुकलो आणि फिरते गोळे माझ्या पहिल्या बोटाच्या नखावर आदळले. डोळ्यांपुढं काजवे आले. ओरडता येत नव्हतं. मी माधवरावांकडं बघून हसलो. तेव्हापासून ते मला जरा कमी बुद्धीचा समजत असावेत. दुसऱ्यांदा चामडं बसलं. मी ते अंगठ्यानं दाबून धरलं आणि चिमणीची पोरगी झाली, पोरीची बाई झाली, बाईच्या गळ्यात जीव आला. मी तिथं थांबलो. मला रेघ बघायची गरज नव्हती.

आण्णाचा हात खटक्यावर होता.

"वा!" माधवराव म्हणाले. "हाताला गुन हाय पोराच्या."

सुपारी फुटली. लग्न झालं, कारखान्यातही लागला आण्णा. तो राहात्याला निघाला, टेम्पोत त्याचं सामान चढवलं तेव्हा त्यात कुणीतरी ग्रामोफोनही ठेवला होता. तात्या स्वतः पुढं झाले आणि त्यांनी तो उतरवून घेतला. माधवराव म्हणाले, "दलाल, ह्ये राहिलं की!" तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. धाकल्याला त्येचा नाद हाय."

सौदा त्यांनी पाळला. सोळा आणे पाळला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो शब्द माझ्या घशात आजपर्यंत अडकून आहे. थोरल्याला डोकं, आणि धाकल्याला नाद. मी पुढं किती वेळा विषय काढला. बाजारातून येताना, जेवताना, एकदा तर भांडून घर सोडून नगरला निघालो तेव्हा उंबऱ्यावर. "तात्या, एकदा तोंडानं म्हना, मशीन दत्तूनं लावलं." ते म्हणायचे, "उपरन्याखालचं वर काढत न्हाईत." त्यांनी ते कधी काढलं नाही. ते गेले तेव्हाही आळीतले लोक सांगत होते, मोठ्या मुलाला यंत्राचं काय डोकं होतं, लहानपणीच ग्रामोफोन खोलला होता.

आता मला वाटतं, त्या सकाळी मी काहीही मागू शकलो असतो. घाम फुटलेला हात नाही म्हणत नसतो. पाहुणे जाताच आळीसमोर नाव घ्या, एवढं मागितलं असतं तरी चारही बोटं आवळली गेली असती. मी यंत्र मागितलं. उभ्या जन्मात भाव करताना मी एकदाच चुकलो, आणि तो माझा पहिला सौदा होता. अर्थात, नाव बोटांनी कसं मागतात ते मला अजून माहीत नाही. बोटांना फक्त वाटे आणि भाव येतात.

यंदा दिवाळीत आण्णा नातवंडांना घेऊन आला. आता तो काठी घेतो, पण आवाज अजून गोड आहे. पोरांनी खोलीतली सगळी यंत्रं ओलांडून त्या जुन्याच खोक्याभोवती कोंडाळं केलं. आण्णा खुर्चीत रेलून सांगू लागला, "हे बरं का, मोडकं आणलं होतं. मी आणि तुमच्या धाकट्या आजोबांनी…" इथं सुनबाई चहा घेऊन आली, पोरांपैकी कुणीतरी मधेच ओरडलं, "म्हणजे तुम्ही दुरुस्त केलं, आबा?" आणि आण्णानं चहा घेता घेता मान हलवली. हो अशी की चहा पुरे अशी, देवाला ठाऊक. माझं टाळकं सरकलं. मी उठलो, चावी काढली आणि खिशात टाकली.

"मग लाव की," मी म्हणालो.

आण्णानं कप खाली ठेवला. मग मला जवळ बसायची खूण केली. मी रागातच बसलो. त्यानं गुडघ्यावरची शाल उचलून आमच्या दोघांच्या हातांवर टाकली, आणि शालीखाली माझी चारही बोटं आवळली. मग अंगठ्यानं पहिल्या बोटाचं ते वाकडं उगवलेलं नख हळूच चाचपलं.

तो कधी बाजारात बसला नव्हता. मला वाटायचं, त्याला ती भाषा येत नाही.

"दिसलं होतं तुला?" मी विचारलं.

"मी तुमच्या डोक्यावरच उभा होतो की रे. उपरणं केवढंसं."

"मग सांग ह्यांना!"

आण्णा हसला. अगदी तात्यांसारखा, डोळे न हलवता. "दत्तू, शालीखालचं वर काढतात होय?"

पोरं विचारत होती, काय झालं, काय झालं. मी हात सोडवून घेतला. शिवी ओठापर्यंत आली होती, पण सुनबाई समोर होती. आण्णानं वरच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढं धरली. आत ताजे तासलेले बाभळीचे काटे होते. मी एक काटा घेतला, बोटावर टोक बघितलं. चांगलं होतं. चावी मात्र मी त्याच्या हातात दिली नाही. ती मीच घातली आणि मीच फिरवली.